आयबोगेनचे आठ दिवस आणि त्यानंतरची सहा वर्षे

मी व्यवसायाने फार्मासिस्ट आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण अफूवर्गीय गोळ्यांच्या माझ्या व्यसनाची आणि ते सोडवण्यासाठी घेतलेल्या आयबोगेन या द्रव्याची पुढची हकिकत वाचताना ‘हिला एवढेही कळत नव्हते का?’ हा प्रश्न मनात येणारच. कळत होते. १९९९ साली सोलापुरात बी. फार्म. झाले, लग्नानंतर अमेरिकेतील ओहायो राज्यात आले, तिथल्या परीक्षा देऊन परवाना मिळवला आणि कोलंबस शहराजवळच्या एका औषधदुकानात तेरा वर्षे काउंटरमागे उभी राहिले. आमच्या कामात गोळ्या मोजायला एक ताटली असते आणि हातात एक चपटी पट्टी असते. त्या पट्टीने पाच-पाच गोळ्या बाजूला सारायच्या : पाच, दहा, पंधरा. अफूवर्गीय वेदनाशामक गोळ्या दोनदा मोजायच्या, असा नियम होता. ज्या गोळ्यांनी माझे घर मोडायला आणले, त्या मी इतरांसाठी कित्येक वर्षे दोनदा मोजून दिल्या होत्या आणि प्रत्येक डबीवर सवय लागण्याचा धोका सांगणारे लेबल स्वतःच्या हाताने चिकटवले होते.

सुरुवात कंबरेपासून झाली. बारा-बारा तास उभे राहून मणक्यातली चकती सरकली आणि २०१३ मध्ये शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर दर सहा तासांनी पाच मिलिग्रॅम ऑक्सिकोडोन, म्हणजे तसलीच एक अफूवर्गीय गोळी, सुरू झाली. शस्त्रक्रियेनंतरची वेदना दोन-तीन महिन्यांत बरीच कमी झाली, परंतु गोळीची वेळ टळली की दुसरीच एक वेदना येऊ लागली, आणि ती कंबरेची आहे असे मी डॉक्टरांनाही सांगत राहिले आणि स्वतःलाही. तीन वर्षांत मात्रा दिवसाला १२० मिलिग्रॅमवर गेली. मॉर्फिनच्या हिशेबात ती १८० होते. मार्च २०१६ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने डॉक्टरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्यात दिवसाला ९० मिलिग्रॅम मॉर्फिनइतक्या मात्रेपलीकडे जाणे टाळावे, असे म्हटले. सूचना मात्रा वाढवण्याविषयी होत्या. आधीच वर गेलेल्या रुग्णाला एका झटक्यात खाली आणा, असे त्यांत कुठेही म्हटलेले नव्हते. माझ्या डॉक्टरांनी मात्र महिन्याभरात माझी मात्रा निम्मी केली आणि पुढच्या चार महिन्यांत बंद केली.

काउंटरमागच्या साठ्याला मी हात लावला नाही. हे प्रामाणिकपणाचे लक्षण म्हणून सांगत नाही. पकडले जाण्याची भीती होती, एवढेच. मी बाहेरून घेऊ लागले. बाहेर मिळणारी गोळी निळी, गोल, एका बाजूला एम आणि दुसऱ्या बाजूला ३० कोरलेली, म्हणजे दिसायला थेट तीस मिलिग्रॅम ऑक्सिकोडोन असे. मी ती गोळी रोज पाहत आले होते, त्यामुळे पहिल्याच वेळी रंग ठिकठिकाणी कमी-जास्त आहे आणि कडा भुसभुशीत आहे, हे मला दिसले. ती नकली होती आणि त्या वर्षांत नकली म्हणजे फेंटानिल हे मॉर्फिनहून कितीतरी पट तीव्र अफूवर्गीय द्रव्य, हेही मला माहीत होते. तरीही मी ती अर्धी तोडून घेतली. कळणे आणि थांबता येणे या दोन गोष्टींमध्ये किती अंतर असते, ते मला त्या अर्ध्या गोळीइतके दुसऱ्या कशानेच समजले नाही.

२०१७ च्या अखेरीस मी पाठदुखीचे कारण सांगून नोकरी सोडली. कोलंबसच्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्या वर्षी माझ्याकडे प्रसादाचे काम होते. पंचखाद्य वाटताना जांभयांवर जांभया येत होत्या, नाक गळत होते, आणि मी सर्दी झाली म्हणून सांगत होते. गर्द (ब्राउन शुगर) घेणारे पुण्या-मुंबईत ज्याला ‘टर्की’ म्हणतात, तीच ही नशा न मिळाल्यावरची अवस्था. आधी जांभया आणि डोळ्यांतून पाणी, मग अंगावर काटा, पोटात पीळ, जुलाब, आणि रात्री पाय जागेवर ठरत नाहीत. पाय आपलेच आहेत, पण त्यांना कुठे ठेवावे ते कळत नाही. या टर्कीने सहसा माणूस मरत नाही, असे पुस्तकात लिहिलेले असते. ते खरेही आहे, आणि त्या रात्री त्याचा काडीचाही उपयोग होत नाही.

२०१८ मध्ये मी पतीला सांगितले. त्यानंतर पाच महिने ब्युप्रेनॉर्फिनवर होते. ही जिभेखाली ठेवायची पट्टी असते. ती अफूवर्गीय असली तरी तिचा परिणाम एका मर्यादेपुढे वाढत नाही आणि ती तलफ शमवते. मी बरी होते. मग ज्या व्यसनमुक्ती गटात जात होते, तिथल्या काही जणांनी ‘एक सोडून दुसरे धरले’ असे सुनावायला सुरुवात केली. माझ्याही मनात तेच होते, म्हणून ते लगेच पटले आणि मी पट्टी बंद केली. सहा आठवड्यांत निळ्या गोळीकडे परत गेले. सोलापूरच्या भावाला तेव्हा कळले. त्याने पुण्याला ये, मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ विभाग आहे, मी चौकशी करतो, असे म्हटले. मी नाही म्हणाले. कारण एकच होते : पुण्यात कुणीतरी ओळखीचे भेटेल. मेक्सिकोत कुणी ओळखीचे भेटणार नव्हते.

आयबोगेन हे नाव मी आधी ऐकले ते उपचार म्हणून नव्हे, तर कॉलेजात फार्माकोग्नॉसीच्या (वनस्पतिजन्य औषधांच्या अभ्यासाच्या) तासाला, अल्कलॉइड नावाच्या वनस्पतिद्रव्यांच्या यादीतले एक नाव म्हणून. मध्य आफ्रिकेतील गॅबॉन, कॅमेरून या भागांत इबोगा नावाचे झुडूप वाढते आणि त्याच्या मुळाच्या सालीत हे द्रव्य असते. तिथल्या ब्विती पंथात दीक्षेच्या वेळी ही साल खाल्ली जाते. हे झुडूप ज्या कुळातले, त्याच कुळात आपली सर्पगंधा, सदाफुली, कण्हेर आणि तगर येतात. तगरीत तर इबोगाच्या नात्यातली अल्कलॉइडेही सापडतात. आमच्या घराच्या मागच्या अंगणात तगर होती आणि आजी रोज पूजेसाठी तिची फुले परडीत काढायची. (हे वाचून कुणी तगरीच्या मुळाच्या नादी लागू नये. नातेवाईक असणे म्हणजे तेच असणे नव्हे, आणि हे कूळ विषारी झाडांसाठी प्रसिद्ध आहे.)

व्यसनाशी या द्रव्याचा संबंध योगायोगाने लागला. १९६२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हॉवर्ड लोट्सॉफ नावाच्या एकोणीस वर्षांच्या हेरॉइन घेणाऱ्या तरुणाने नशेचा एक नवा प्रकार म्हणून आयबोगेन घेतले. त्याचा अंमल उतरल्यावर त्याच्या लक्षात आले की आपल्याला टर्की लागलेली नाही आणि हेरॉइनची इच्छाही नाही. पुढे त्याने आयुष्यभर त्याचा पाठपुरावा केला आणि १९८५ मध्ये या वापराचे पेटंटही घेतले. परंतु अमेरिकेत तोवर हे द्रव्य हेरॉइन आणि एलएसडीच्याच पंगतीत, सर्वांत कडक बंदीच्या पहिल्या अनुसूचीत बसवले गेले होते. १९९३ मध्ये मायामीत मानवी चाचणीला परवानगी मिळाली, पण ती पूर्णत्वाला गेली नाही. मेक्सिकोत तशी बंदी नसल्याने सीमेपलीकडे तिहुआना, रोसारितो या भागांत खासगी केंद्रे निघाली, आणि अमेरिकेतले अफूग्रस्त लोक तिकडे जाऊ लागले.

मी तीन केंद्रांना फोन केले. पहिल्या दोघांनी माझे वजन विचारले आणि तारीख व आगाऊ रक्कम सांगितली. तिसऱ्या ठिकाणच्या बाईंनी पैशांचा विषय काढण्याआधी ईसीजी, यकृताच्या तपासण्या, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम, आणि सध्या चालू असलेल्या प्रत्येक औषधाची यादी मागितली. मी यादीत फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचे औषध लिहिले होते. त्यावर त्यांनी, ते बंद करून किमान सहा आठवडे झाल्याशिवाय तुम्हाला घेणार नाही, असे सांगितले. मी मुद्दामच ते यादीत ठेवले होते, कारण यकृतातल्या ज्या एन्झाइमने आयबोगेन मोडले जाते, तेच एन्झाइम फ्लुओक्सेटिन अडवते आणि ते शरीरातून जायला कित्येक आठवडे घेते. मला ती परीक्षा घ्यायची होती. त्या बाई उत्तीर्ण झाल्या. फ्लुओक्सेटिन मात्र मला खरोखरच सोडावे लागले, आणि ते सहा आठवडे सरळ गेले असे म्हणता येणार नाही. सात हजार डॉलर आम्ही मुलाच्या कॉलेजसाठी ठेवलेल्या पैशांतून काढले.

आयबोगेनचा खरा धोका डोक्याला नाही, हृदयाला आहे. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यानंतर स्नायूला पुन्हा सज्ज व्हायला थोडा वेळ लागतो. ईसीजीवर हा वेळ क्यूटी म्हणून मोजतात. आयबोगेन हृदयाच्या पेशींमधील पोटॅशियमचा एक मार्ग अडवते आणि हा वेळ लांबवते. तो फार लांबला तर ठोक्यांचा ताल बिघडून माणूस अचानक जाऊ शकतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात १९९० ते २००८ या काळातल्या १९ मृत्यूंची छाननी आहे. त्यांतले काही मृत्यू औषध घेतल्यावर दीड तासात झाले होते, तर काही तीन दिवसांनी. हा निबंध मी पतीला वाचायला दिला. त्यांनी तो वाचला आणि दुसऱ्या दिवशी एवढेच विचारले की ही निळी गोळी घेऊन दर वर्षी किती मरतात. त्यावर आम्ही दोघेही पुढे बोललो नाही.

जुलै २०१९ मध्ये मी सॅन दिएगोला उतरले. केंद्राची गाडी सॅन इसिद्रोच्या नाक्यावरून मला पलीकडे घेऊन गेली आणि समुद्राकाठच्या एका दुमजली घरात सोडले. माझ्यासह तिथे चार जण होते : टेक्सासचा एक निवृत्त सैनिक, अलाबामाची एक नर्स, आणि एक विशीतला मुलगा, ज्याच्याबरोबर त्याची आई आली होती. पहिले चार दिवस आयबोगेन मिळालेच नाही. फेंटानिल चरबीत साठून राहते आणि हळूहळू बाहेर पडत राहते, म्हणून आम्हाला आधी कमी काळ टिकणाऱ्या मॉर्फिनवर आणले गेले. रोज सकाळी लघवीची पट्टी तपासली जायची आणि त्यावर फेंटानिलची खूण दिसेनाशी होईपर्यंत थांबायचे. त्या चार दिवसांची वाट पाहणे मला सगळ्यांत जड गेले. विशीतला मुलगा रोज पट्टीचा निकाल ऐकून खाली वाळूत जाऊन बसायचा. त्याची आई गॅलरीतून त्याच्याकडे पाहत बसायची, आणि मला माझी आई आठवायची, जिला अजून काहीच सांगितलेले नव्हते.

पाचव्या दिवशी सकाळी शेवटचे मॉर्फिन दिले आणि संध्याकाळी टर्कीची पहिली लक्षणे दिसेपर्यंत थांबले. मग दंडात सुई घालून सलाइन, छातीला मॉनिटरच्या तारा. आधी एक छोटी चाचणी-मात्रा, दीड तासाने ईसीजी, आणि मग वजनाच्या हिशेबाने कॅप्सूल. त्यातले द्रव्य इबोगापासून नव्हे, तर व्होअकांगा नावाच्या दुसऱ्या आफ्रिकन झाडापासून बनवलेले होते. गॅबॉनने त्याच वर्षी इबोगाची निर्यात थांबवली होती, हे डॉक्टरांनी मला सांगितले, कारण मी विचारले.

पाऊण तासाने कानात घूं सुरू झाली. लोक तिला माश्यांचा किंवा विजेच्या तारेचा आवाज म्हणतात. मला तो आमच्या गल्लीच्या टोकाला चालणाऱ्या यंत्रमागांचा वाटला. रात्रपाळीत चादरी विणायला सुरुवात झाली की लहानपणी झोपेत जो एकसुरी आवाज कानावर असायचा, तोच. डोके जरा हलवले की सगळी खोली एका बाजूला घसरायची, त्यामुळे निपचित पडून राहणे एवढेच शक्य होते. डोळ्यांवर पट्टी होती. आतमध्ये चित्रे सुरू झाली, आणि ती स्वप्नासारखी अंधूक नसून कुणीतरी जुन्या फोटोंचा गठ्ठा भराभर पिसावा तशी होती. गड्ड्याच्या जत्रेतले नंदीध्वज, आमच्या इमारतीचा जिना, अनोळखी माणसे, पुन्हा जिना. याला काही क्रम नव्हता आणि अर्थही नव्हता. कुणी देव भेटला नाही, वडील येऊन काही बोलले नाहीत. बऱ्याच वेळाने मोजण्याची ताटली आली आणि ती कितीतरी वेळ तिथेच राहिली. पट्टी पाच-पाच सारत होती, पाच, दहा, पंधरा, आणि ताटलीत कधी निळ्या गोळ्या होत्या, तर कधी आजीच्या परडीतली तगरीची फुले. ती संपत नव्हती. मला त्याचे भय वाटले नाही, फक्त अतोनात कंटाळा आला. व्यसनाबद्दल मला आजवर जे जे काही वाटले होते, त्यात कंटाळा कधीच नव्हता. या रात्रीतून मी काही आणले असेल, तर ते तेवढेच.

मध्येच ओकाऱ्या सुरू झाल्या आणि नर्सने इंजेक्शन भरले. मी डोळ्यांवरची पट्टी वर करून कोणते औषध म्हणून विचारले. तिने ओन्डान्सेट्रॉन म्हटले. उलटी थांबवायला जगभर रोज वापरले जाणारे हे साधे औषध आहे, आणि तेही क्यूटी लांबवते. मी नको म्हणाले. बोलताना जीभ जड झाली होती, त्यामुळे तिला वाटले की मी भ्रमात आहे. तिने माझा हात थोपटला आणि सुई सलाइनच्या नळीकडे नेली. मी हात ओढून घेतला आणि डॉक्टरांना बोलवा, असे तीनदा म्हटले. डॉक्टर आले, त्यांनी सिरिंज बाजूला ठेवली आणि तिच्याशी स्पॅनिशमध्ये हळू आवाजात काहीतरी बोलले. आठव्या तासाच्या ईसीजीत माझा क्यूटी ५०४ मिलिसेकंद होता. येताना ४२८ होता. पाचशेच्या वर गेला की आमच्या पुस्तकांत तांबडी खूण असते. त्यांनी शिरेतून मॅग्नेशियम दिले आणि पहाटेपर्यंत माझ्या उशाशी खुर्ची टाकून बसले. मी पट्टी काढून मॉनिटरकडेच पाहत राहिले. मी फार्मासिस्ट नसते तर काय झाले असते, हा विचार मी आजही पूर्ण करत नाही. पुढे २०२२ मध्ये नेदरलँड्समधला एक अभ्यास वाचला. त्यात तुलनेने कमी मात्रा देऊनही चौदांपैकी निम्म्या रुग्णांचा क्यूटी पाचशेच्या वर गेला होता. म्हणजे माझे काही विशेष घडले नव्हते.

दुसरा दिवस तिथल्या भाषेत ‘करडा दिवस’. झोप नाही, भूक नाही, उठले की पाय लटपटतात, आणि मन एखाद्या रिकाम्या बोळासारखे. मी सोळा तास छताकडे पाहत होते. संध्याकाळी डॉक्टर टर्की मोजण्याची गुणपत्रिका घेऊन आले. नाडी, घाम, जांभया, डोळ्यांच्या बाहुल्या, अंगावरचा काटा अशा अकरा गोष्टी त्यात असतात. माझी बेरीज तीन झाली. शेवटच्या मॉर्फिनला छत्तीस तास होऊन गेले होते. एरवी त्या घटकेला मी बाथरूमच्या फरशीवर असते. तीन गुण, तेही झोप न झाल्याचे. सातव्या दिवशी सकाळी मी समुद्रावर चालत गेले. पाय माझ्या ताब्यात होते. त्या सकाळी मला जे वाटले, ते मी कमी करून सांगणार नाही : सहा वर्षांत पहिल्यांदा मी जागी झाले आणि पहिला विचार गोळीचा नव्हता, कॉफीचा होता.

आठव्या दिवशी निघताना केंद्राने एक छापील कागद दिला. त्यात ध्यान, चालणे, आहार, आणि महिन्यातून एकदा फोन, एवढेच होते. अफूवर्गीय पदार्थाच्या अतिमात्रेवरचा उतारा असलेले नॅलोक्सोन जवळ ठेवा, हे त्यात नव्हते. आणि दुसरी एक गोष्ट, जी ठळक अक्षरांत असायला हवी होती, तीही नव्हती : आता तुमचे शरीर फेंटानिलला नवखे झाले आहे, पूर्वीची मात्रा आता जीव घेईल. मला ते माहीत होते, म्हणून आमच्या स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये नाकात मारायचे नॅलोक्सोन मी स्वतःच आणून ठेवले होते.

पहिले तीन महिने चांगले गेले, म्हणजे झोप सोडून सगळे. आयबोगेनचे शरीरात नॉरआयबोगेन होते आणि ते मूळ औषधापेक्षा बराच जास्त काळ टिकते. कदाचित त्याची सोबत असेल, कदाचित आपण सुटलो या आनंदाची. मी गटात जाणे थांबवले. मला आता त्याची गरज नाही, असे मी पतीला म्हटल्याचे आठवते. सासूबाई दिवाळीसाठी आल्या होत्या आणि मी चार वर्षांनी पहिल्यांदा चकल्या केल्या. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ओहायोत कडाक्याची थंडी पडली आणि मी कपाटातून मागच्या वर्षीचा जाड कोट काढला. आतल्या खिशात टिश्यूच्या घडीत अर्धी निळी गोळी होती.

त्या दिवशी मला तलफ आलेली नव्हती, मी दुःखी नव्हते, कुणाशी भांडणही झालेले नव्हते. मला आठवतो तो फक्त हाताचा वेग. सासूबाईंनी मला बाथरूममध्ये पाहिले तेव्हा ओठ निळे पडले होते. पतीने नाकात नॅलोक्सोनचे दोन फवारे मारले, दुसऱ्यानंतर मी श्वास घेतला. हॉस्पिटलमधून आल्यावर सासूबाई मला काय म्हणतील याची मी वाट पाहत होते. त्या दोन दिवस काहीच बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारले, “ते नाकात मारायचं औषध कुठं ठेवलंयस? मला दाखवून ठेव. उद्या तो ऑफिसात असला तर मला जमायला पाहिजे.”

त्या आठवड्यातच मी पुन्हा ब्युप्रेनॉर्फिन सुरू केले, आणि आज सहा वर्षे होत आली, अजून घेते. आयबोगेनने मला फसवले, असे मी म्हणत नाही. टर्कीचा डोंगर त्याने एका रात्रीत पार करून दिला, ही गोष्ट माझ्यापुरती खरी आहे. पण त्या डोंगरापलीकडे मला कोण भेटणार, हे मी विचारलेच नव्हते. मेक्सिकोत उपचार घेतलेल्या तीस जणांचा जो अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात महिन्याने पंधरा जण अफूवर्गीय पदार्थांपासून दूर होते. त्याच वर्षीच्या न्यूझीलंडमधील चौदा जणांच्या अभ्यासात वर्षभराने कित्येकांची स्थिती सुधारलेली दिसली, पण तिथे एक मृत्यूही झाला. या छोट्या अभ्यासांपुढे ब्युप्रेनॉर्फिन आणि त्याच कामासाठी दिले जाणारे मेथाडोन यांच्यामागे कित्येक दशकांचा पुरावा उभा आहे, आणि ती औषधे चालू असताना मरण्याचा धोका लक्षणीय कमी होतो, हे मी कॉलेजातल्या मुलाकडूनही पाठ म्हणवून घेऊ शकते. २०१८ मध्ये मी ते पाच महिन्यांत सोडले, कारण ते ‘खरे बरे होणे’ नाही असे मला वाटत होते. एवढ्या एका समजुतीपायी मी सात हजार डॉलर, एक ५०४ चा ईसीजी आणि निळे ओठ अशी किंमत मोजली.

आता वारे बदलले आहे. केंटकी राज्यात २०२३ मध्ये औषधकंपन्यांवरच्या ओपिऑइड (अफूवर्गीय औषधांच्या) खटल्यांतून आलेल्या पैशांपैकी ४ कोटी २० लाख डॉलर आयबोगेनच्या संशोधनाला देण्याचा प्रस्ताव आला आणि नंतर मागे पडला. जानेवारी २०२४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने मेंदूला मार लागलेल्या तीस माजी सैनिकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, ज्यात आयबोगेनबरोबर मॅग्नेशियम दिले होते. जून २०२५ मध्ये टेक्सासने चाचण्यांसाठी ५ कोटी डॉलर मंजूर केले. मला याचा आनंद आहे, कारण हे द्रव्य समुद्राकाठच्या दुमजली घरांतून निघून हृदयरोगतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात यायला हवे. फक्त स्टॅनफर्डचे सैनिक अफूग्रस्त म्हणून निवडलेले नव्हते, ही गोष्ट बातम्या वाचणाऱ्यांच्या नजरेतून निसटते. महिन्यातून एखादा तरी फोन मला येतो. न्यू जर्सीतून, डॅलसमधून, एकदा नाशिकहून, ओळखीतून ओळख काढत. ‘वहिनी, ते एका रात्रीत सुटतं ना?’ मी आधी मॉनिटरच्या तारा, यकृत, चालू औषधे आणि नॅलोक्सोन यांविषयी विचारते, आणि मग घरी परतल्यावरच्या चौदाव्या आठवड्याचे काय ठरवले आहे, ते विचारते. यावर पलीकडे बहुतेक वेळा शांतता असते. काउंटरमागे मी परत उभी राहिले नाही. एका कंपनीत औषधांच्या दुष्परिणामांचे अहवाल तपासते, आणि क्यूटीचा आकडा आला की माझी नजर दोनदा जाते.

आईला मी २०२० च्या उन्हाळ्यात सांगितले, फोनवर, कारण तेव्हा विमानेच बंद होती. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले की ते औषध दिवसातून किती वेळा घ्यायचे. एकदा, सकाळी, जिभेखाली, आणि विरघळेपर्यंत दहा-पंधरा मिनिटे बोलायचे नाही, असे मी सांगितले. आमच्या सकाळी सात वाजता तिकडे संध्याकाळ असते. तेव्हापासून ती बरोबर त्याच वेळी व्हिडिओ कॉल करते. मी पट्टी जिभेखाली ठेवून समोर बसते आणि ती भाजीचे भाव, शेजारच्या मुलीचे लग्न, नळाला न आलेले पाणी असे सगळे सांगत राहते. मध्येच मी काही बोलायला गेले तर हात वर करून मला थांबवते, “तू गप. अजून विरघळलं नाही तुझं.”